पुतळाची मोटार

पुतळाच्या हाताखाली बारा वर्षांत एकही मोटार जळली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गावानं तिच्या त्याच हाताला नावं ठेवली, आणि ठेवणाऱ्यांत असे कित्येक होते की ज्यांच्या घरचा वर्षाचा तांदूळ ह्याच बाईनं सडून दिला होता. लाज असते का हो लोकांना? नसते.

नेरूळ गावात सिताराम शेटची भाताची गिरण होती. पत्र्याची शेड, मधे तांदूळ सडायचं यंत्र, कोपऱ्यात पाच हॉर्सपॉवरची मोटार आणि दोघांच्या मधे फिरणारा पट्टा. पुतळा तिथं पोती उचलायला जायची. अडुसष्ट साली गिरण चालवणारा माणूस शिमग्याला गावी गेला तो परत आलाच नाही. दारात भाताच्या पोत्यांची ही रांग, आणि शेट डोक्याला हात लावून बसलेला. पुतळा म्हणाली, "पट्टा मी लावते की." शेट हसला. तिनं पट्टा लावला, खटका दाबला आणि दिवस मावळायच्या आत रांग संपवली. तेव्हापासून मालकी शेटची आणि हात पुतळाचा.

तिची एक रीत होती. पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबायचा. तो अर्धं पेर खाली गेला की पट्टा बरोबर. जास्त गेला तर पट्टा घसरतो आणि जळका वास सुटतो. कमी गेला तर पट्टा मोटारीला ओढून धरतो, मग आतलं बेअरिंग तापतं आणि एक दिवस मोटारच बसते. एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. अर्धा तास यंत्र चालवून ती मोटारीच्या पुलीकडच्या तोंडावर तळहात ठेवायची आणि देवांची नावं घ्यायची. एकवीरा, गावदेवी, खंडोबा, बापदेव, वेताळ. पाचही नावं होईपर्यंत हात टिकला तर मोटार सुखात. आधीच उचलावा लागला तर यंत्र बंद, पट्टा ढिला. शेट थट्टेनं विचारायचा, "पुतळे, आज ताप किती?" ती मान वर न करता सांगायची, "पाच देव."

पुढे नवं शहर यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीत भराव पडला. गिरणीत भात येईना. सगळं गाव रेशनचा तांदूळ खायला लागलं, त्याला सडायला गिरण कशाला लागते? ऐंशी साली शेटनं शेड मोडली, पत्रे विकले, यंत्र भंगारात घातलं. मोटार मात्र हातगाडीवर घालून पुतळाच्या दारात आणली. म्हणाला, "ही मी विकणार नाय. हिला तू सांभाळलीस, तूच ठेव." पुतळाला आयुष्यात कुणी स्वतःची म्हणून दिलेली ती पहिली वस्तू. अंगावरचं डोरलंसुद्धा सासूचंच होतं. तिनं मोटार घरात आणली, किंतानात गुंडाळली आणि दर शनिवारी तिचा आस हातानं फिरवायला लागली, आत गंज धरू नये म्हणून. शेजारणी हसायच्या. पुतळा त्यांना काय काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचा नवरा गोटीराम हा होड्या बांधणारा सुतार. बापही तेच करायचा, आजाही तेच. गोटीरामनं जोडलेल्या फळ्यांतून खाडीचा एक थेंब आत यायचा नाही, असं लोक सांगायचे आणि ते खरं होतं. पण खाडीच बुजली तिथं होडी कोण बांधून घेणार? गोटीराम नव्या इमारतींच्या दाराच्या चौकटी करायला लागला. दिवसभर हातकरवत ओढायची, संध्याकाळी खांदा शेकायचा. ज्याच्या हातून पस्तीस हातांची गलबतं उतरली, त्याला ठेकेदाराचा पोरसवदा मुकादम सांगायचा, "काका, जरा हात चालवा." गोटीराम गप्प बसायचा. घरी आला की मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. पुतळाही गप्प बसणारी नव्हती. दोघांची भांडणं विहिरीपर्यंत ऐकू जायची.

त्र्याऐंशी साली गोटीरामनं ठरवलं, मोटारीवरची करवत लावायची. आपल्या हातानं सागवानी टेबल केलं, मधे खाच, खाचेतून वर येणारं बारा इंची गोल पातं. टेबल असं देखणं की बघत राहावं. आता त्याला मोटार हवी होती, आणि मोटार घरात होतीच.

"मोटार माजी हाय," पुतळा म्हणाली.

"मंग? घर दोघांचा नाय?"

"हाय ना. तर मग पट्टा मी लावनार आन करवतीवर मीपन उभी ऱ्हानार."

गोटीरामचा चेहरा वाकडा झाला. त्याच्या घराण्यात एक चाल होती. होडीच्या कण्याची पूजा झाली की ती होडी पाण्यात जाईपर्यंत बाईनं तिला हात लावायचा नाही. लावला तर लाकूड फाटतं म्हणे. गोटीरामच्या लेखी करवत म्हणजे होडीच्याच धंद्याची. पुतळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं यंत्र चालवलं तेव्हा काही फाटलं नाही, आणि आता ह्यांच्या लाकडाला बाईचा हात लागला की फाटणार! दोन दिवस चूल नीट पेटली नाही. शेवटी गोटीरामनंच मधली वाट काढली. पूजा होईपर्यंत ते नुसतं लोखंड, तोवर पुतळानं काय करायचं ते करावं. पूजा झाली की लांब. पुतळानं दात-ओठ खात मान्य केलं. पट्टा तरी आपल्या हातानं लागतोय, एवढंच तिनं धरलं.

तारा जोडायला नंदकुमार आला. हा साताऱ्याकडचा, दिघ्याच्या एका कारखान्यात फिटर, राहायला नव्या वसाहतीत. रविवारी असली कामं करायचा. कामाला वाईट नव्हता, पण तोंडावर कायम हसू, आणि ते हसू समोरच्याला कमी लेखणारं.

"काकी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. चहा टाका फक्कड," तो म्हणाला.

पुतळानं चहा टाकला नाही. ती तिथंच उभी राहिली. नंदकुमारनं तिन्ही तारा जोडल्या, खटका दाबला, पातं गरगर फिरलं.

"उलटी फिरते," पुतळा म्हणाली.

"फिरतेय ना? मग झालं."

"दात कुनीकडं हायत ता बघ. लाकूड पुढं जायाचं सोडून उभ्या मान्साच्या तोंडावर येल."

नंदकुमारनं वाकून बघितलं. मग दोन तारांची अदलाबदल केली. 'चुकलो' म्हणायला ह्याची जीभ झिजत होती! नंतर त्यानं मोटारीच्या पायाखालचे बोल्ट सैल केले, पहारीनं मोटार मागं रेटली आणि बेल्ट ताणून बोल्ट आवळले. पुतळानं अंगठा दाबून बघितला. बेल्ट हलेना.

"जास्ती झाला."

"काकी, तो तुमचा गिरणीचा चपटा पट्टा असायचा. हा व्ही बेल्ट आहे."

"गिरनीतल्या पाखडायच्या पंख्याला हाच व्हता. बारा वर्षं. सर बाजूला."

तिनं त्याच्या हातातला पाना घेतला, बोल्ट सैल केले, मोटार केसभर पुढं घेतली, परत आवळली. दोन्ही पुलींना सुतळी धरून त्या एका रेषेत आहेत का ते बघितलं. अर्धा तास मोकळी करवत चालवली, तळहात ठेवला, पाच देव झाले तरी हात सुखात होता. ती उठून बाजूला झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं.

गोटीराम हे सगळं बघत होता. तो पुढं आला, त्यानं बेल्ट बोटानं छेडला. "लोंबतो हाय," तो म्हणाला.

"लोंबत नाय. बरोबर हाय."

"माज्या बापानं अशी दोरी सोडली असती तर शीड पान्यात गेला असता."

"ही करवत हाय, गलबत नाय," पुतळा म्हणाली.

आणि नंदकुमार मोठ्यानं हसला. गोटीरामचे कान लाल झाले. तो तिथून निघून गेला. पुतळाला त्यात विशेष वाटलं नाही. नवरा रुसला तर रुसू दे, बेल्ट तर बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. अंगणात तीस-पस्तीस माणूस जमलं. टेबलाला झेंडूची तोरणं, पात्याला कुंकू, नारळ फुटला. बायका ओट्यावर, पुरुष टेबलाभोवती. गोटीरामनं नवा सदरा घातला होता. त्यानं खटका दाबला आणि फ्यूज गेला. करवत हललीच नाही.

"काय रे नंदकुमार?" कुणीतरी ओरडलं.

नंदकुमार टेबलाखाली वाकला. तो जरा जास्तच वेळ वाकलेला होता. मग गोटीराम त्याच्या कानाशी काही बोलला. नंदकुमारनं खांदे उडवले, फ्यूज काढला आणि त्यात जाडशी तार घालून परत बसवला. खटका दाबला. करवत सुरू झाली. टाळ्या पडल्या.

ओट्यावर पुतळानं मात्र कान टवकारले. आवाज कालचा नव्हता. काल मोटार घुमत होती, आज बारीक आवाजात रडत होती. "बेल्ट ताठ हाय," ती ओरडली. "बंद करा!" कुणी लक्ष दिलं नाही. गोटीरामनं पहिली फळी लावली. लोण्यात सुरी जावी तशी करवत गेली. दुसरी लावली, तिसरी लावली. अशी अर्धा तास कापाकापी चालली होती, लोक वाहवा करत होते, आणि पुतळाच्या नाकाला वास लागला. बेअरिंगातलं ग्रीस वितळल्याचा वास. तो वास तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता.

ती ओट्यावरून उतरली, माणसांना कोपरांनी बाजूला सारत टेबलाखाली वाकली आणि मोटारीच्या तोंडावर तळहात ठेवला. 'एकवीरा' म्हणाली आणि 'गावदेवी' म्हणायच्या आत हात उचलला. तळहाताला फोड आला होता.

"बंद कर! जलते ती!"

"हात काढ!" गोटीराम ओरडला. "पूजा झाली हाय!" आणि त्यानं पुढची फळी लावली.

ती फळी अर्धी कापली गेली. मोटार एकदा कण्हली आणि थांबली. म्हणजे फिरायची थांबली, वीज आत जातच होती. अशा वेळी फ्यूज जायला हवा. तो गेला नाही. काळा धूर आला, आतल्या तारांवरच्या जळक्या वार्निशचा घाणेरडा वास अंगणभर पसरला. नंदकुमारनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गोटीरामनं एकदा मोटारीकडे बघितलं, एकदा माणसांकडे. मग तो म्हणाला, "मी सांगितला व्हता. बाईचा हात लागला."

वीस वर्षांच्या संसारात पुतळानं नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात. त्या दिवशी ती भर अंगणात ओरडली, "गोटीराम!"

आणि गाव कशावर चपापलं असेल? त्याच्या खोटेपणावर? छे! बाईनं नवऱ्याला नावानं हाक मारली ह्यावर. म्हाताऱ्यांनी मान हलवली, बायकांनी पदर तोंडाला लावला. "आधी हात लावला, आता नाव घेते," असं कुजबुजत सगळे चालायला लागले. प्रसाद ताटातच राहिला. त्या गर्दीतल्या एकाला तरी वाटावं ना की ह्या बाईनं बारा वर्षं गिरण चालवली, हिला विचारावं, काय झालं? एकालाही वाटलं नाही.

अंगण रिकामं झाल्यावर पुतळा पाना घेऊन टेबलाखाली बसली. मोटार सोडवायची होती. बोल्टला पाना लावला तर बोल्ट आधीच सैल. तिनं वाकून बघितलं. मोटारीच्या पायात आणि टेबलाच्या दांड्यात एक बाभळीची पाचर ठोकलेली होती. काल ती नव्हती. पाचरीभोवती किंतान गुंडाळलं होतं, आणि किंतान ओलं होतं.

तिला सगळं कळलं. होडीच्या फळ्या अशाच बसवतात. सुकी पाचर ठोकायची, वरून पाणी मारायचं. लाकूड फुगतं आणि फटी आवळून धरतं. पाणी जितकं मुरेल तितकी होडी घट्ट. गोटीरामच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं, आणि कालच्या संध्याकाळी, पुतळा पुरणाची डाळ निवडत असताना, गोटीरामनंही तेच केलं. रात्रभर पाचर फुगत गेली आणि बेल्ट आवळत गेला. फ्यूज उगाच गेला नव्हता. आणि नंदकुमारनं वाकून ती पाचर बघितली होती, बघून वर जाड तार घातली होती.

नंदकुमार पिशवी भरत होता. पुतळानं पाचर उपटली आणि त्याच्यासमोर धरली. "तुला दिसली व्हती."

"काकी, मालक बोलला राहू दे, म्हणून राहू दिली. नवरा-बायकोत मी कशाला पडू?" तो म्हणाला आणि पायात चपला अडकवून निघाला.

गोटीराम दारात पाठमोरा बसला होता. पुतळा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाचर अजून तिच्या हातात होती. ती म्हणाली, "तुमच्या बापाची इद्या मोठी हाय. पन ती पान्यातली. आता पानी कुटं ऱ्हायलाय?"

हे वाक्य लागलं. गोटीरामचा चेहरा पडला तो असा, की पुतळाला क्षणभर वाटलं आपण बोलायला नको होतं. पण तिनं शब्द मागं घेतला नाही. का घ्यावा? तिची मोटार जळली होती, वर आळही तिच्यावरच आला होता.

तिनं मोटार हातगाडीवर घातली आणि एकटीनं ढकलत दिघ्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. दहा-बारा मैलांचा रस्ता, चैत्राचं ऊन. त्या मिस्त्रीनं मोटार उघडली, पुलीकडचं बेअरिंग बघितलं आणि विचारलं, "बेल्ट कुणी एवढा ओढला?" कुणी न सांगता त्याला कळलं. पुतळाला तिथंच रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून स्वतःचाच राग आला. तीन आठवड्यांनी नवी तार गुंडाळलेली, नवी बेअरिंगं बसवलेली मोटार घरी आली. पुतळानं ती ओट्यावर ठेवली, किंतान घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, "टेबलाला लावीन. पन आधी त्या पस्तीस मान्सांना सांगा, कुनी जाळली ती."

गोटीराम म्हणाला, "मी नाय सांगनार."

"मंग ऱ्हाऊ दे ओट्यावर."

दोघंही एक नंबरचे हट्टी. गोटीराम सकाळी मोटारीवरून नजर चुकवत हातकरवत उचलायचा आणि संध्याकाळी खांदा धरून यायचा. सागवानी टेबलावर कोंबड्या बसायला लागल्या. घरात बोलणं बंद. पुतळा त्याचं ताट वाढून पुढं सरकवायची, ते सुद्धा असं सरकवायची की डाळ सांडावी.

गावानं काय केलं? गावानं पुतळाचा हात वाईट ठरवला. तोंडावर कुणी बोललं नाही, तेवढी हिंमत कुणाची? पण शेजारच्या बाळंतिणीनं मूल तिच्या मांडीवर द्यायचं टाळलं. कुणाचा पंखा बंद पडला तरी 'पुतळा, हात लावू नकोस' असं हसत हसत म्हणायचे. त्या हसण्याचा पुतळाला राग यायचाच, पण त्याहून जास्त भीती वाटायला लागली होती. हा हातच गेला तर तिच्याकडे दुसरं होतं काय?

वैशाखात सरस्वतीच्या पोरीचं लग्न आलं. सरस्वती पुतळाच्या बरोबरीची, लहानपणापासूनची. हळदीच्या सकाळी मांडवात जातं मांडलं. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावून हळद दळायची, बायकांनी गाणी म्हणायची. गावातल्या प्रत्येक लग्नात त्या पाचांतला एक हात पुतळाचा असायचा. ती पदर खोचून पुढं गेली. तिनं हात पुढं केला तसा सरस्वतीनं तो अलगद धरला आणि म्हणाली, "पुतले, तू जरा रांधनाकडं बघ ना गो. तिकडं कोन नाय." आणि पाचवी म्हणून दुसरीला बसवलं.

रांधणाकडे सहा बायका होत्या. पुतळा वळली. एरवी तिनं मांडव उलथून टाकला असता. त्या दिवशी ती चुलीशी जाऊन बसली आणि उगाच लाकडं पुढंमागं करत राहिली.

गोटीराम मांडवाच्या खांबाशी बसला होता. त्यानं ते बघितलं. पुतळाला शिव्या देताना, भांडताना, दार आपटताना त्यानं वीस वर्षं बघितलं होतं. मान खाली घालून परत फिरताना कधीच बघितलं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

"ऐका जरा," तो म्हणाला. जात्यावरचं गाणं थांबलं. पुरुषांनी माना वळवल्या. गोटीराम खांब सोडून पुढं आला. "पाडव्याला मोटार जलली, ती हिच्या हातानं नाय जलली. हिनं बेल्ट बरोबर लावला व्हता. मी मागनं पाचर मारली. पाचरीवर पानी मारला, ती फुगली, आन बेल्ट आवलला. ही सांगत व्हती बंद कर. मी नाय केला. आन वर हिचाच नाव घेतला."

तेवढ्यात एकजण हसला. नंदकुमार. मांडवात दिव्यांच्या माळा लावायला त्याला बोलावला होता, तो शिडीवर बसून हसत होता. "काका, बेल्टाला पाणी? अहो होडी आहे का ती? कम्माल आहे तुमची!" त्याचं बघून आणखी चारजण हसले, मग दहाजण. म्हातारे गोटीरामकडे बोट दाखवून हसायला लागले. गोटीराम भर मांडवात खाली मान घालून उभा.

चुलीशी बसलेली पुतळा उठली. हातात जळकं लाकूड होतं ते टाकायचंही भान नव्हतं. ती थेट शिडीपाशी गेली.

"हसतोस कशाला रे? तुला ठाव नव्हता? तू वाकून पाचर बघितलीस. फ्यूज गेला तवा तुला कललं व्हतं, तरी तू जाड तार घातलीस. खरी बारीक तार घातली असतीस तर मोटार वाचली असती. दीड महिना गाव माज्या हाताला नावं ठेवते, तू गावात येतोस, चा पितोस, तुजी जीभ उचलली नाय. यांना काय ठाव? यांच्या सात पिढ्या पान्यात गेल्या. यांनी चूक केली ती न कलून केली, आन आज येवढ्या मान्सांत उभं ऱ्हाऊन सांगितली. तू शिकलेला. तू कलून गप बसलास. उतर खाली!"

नंदकुमारचं हसू तोंडातच राहिलं. तो एकेक पायरी खाली उतरला. पुतळा आता बाकीच्यांकडे वळली. "आन तुमी? यांनी जोडलेल्या होडीत बसून तुमच्या बापांनी मासली मारली. एक तरी बुडला काय? हसता!"

कुणी हसेना. सरस्वती जात्यावरून उठून आली. तिचे हात हळदीनं पिवळे झाले होते. तिनं पुतळाचा हात धरला, "ये गो, चुकलं आमचं. ये, हात लाव."

"हलद दलून झाली?"

"झालीच आता. थोडी हाय."

"मंग दला तुमीच," पुतळा म्हणाली आणि हात सोडवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं रागानंच पुसलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चला घरी. मोटारीचा वजन मनाच्या वर हाय, माज्या एकटीच्यानं उचलत नाय."

"जेवून तरी जा," सरस्वती म्हणाली.

पुतळानं ऐकलं नाही. ती मांडवातून बाहेर पडली आणि उन्हात झपझप चालायला लागली. तोंडानं अजून कुणाकुणाला शिव्या देणं चालूच होतं. गोटीराम चार पावलं मागून उपाशीपोटी चालत होता, आणि एकदाही त्यानं तिला गप्प बस म्हटलं नाही.